चिकट थरालाही कामाला लावता येते

संपादक महोदय,

कॅथेटर आणि पाइपलाइनमध्ये साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरांवरचा (बायोफिल्म) आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती चोख, पण एकांगी. औषधाला दाद न देण्याचा जो चिवटपणा डॉक्टरांना छळतो, तोच रसायन कारखान्याला हवा असतो, हे लेखात कुठेच आले नाही.

बायोफिल्मचा उत्पादनासाठी वापर तसा जुनाच. 1823 च्या सुमारास जर्मनीत शुट्झेनबाखने बीच लाकडाच्या कुरळ्या सालपटांनी उंच पिंप भरले. वरून मद्य झिरपायचे, खालून हवा चढायची आणि सालपटांवर बसलेले जिवाणू त्याचे व्हिनेगर करायचे. महिन्यांचे काम दिवसांवर आले. पुढे बुडीत किण्वनाच्या, म्हणजे द्रवातच सुटे जिवाणू वाढवून हवा सोडण्याच्या, टाक्यांनी ही पद्धत बरीच मागे टाकली, हेही खरेच. साध्या मालाला सुटे जिवाणू पुरतात.

माल विषारी असला की मात्र गणित बदलते. प्लास्टिकसाठी लागणारे स्टायरीन आणि त्यापासून होणारे स्टायरीन ऑक्साइड, ही दोन्ही रसायने जिवाणूंना मारक. 2007 मध्ये डॉर्टमुंडच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या नळीत स्युडोमोनास या जिवाणूचा चिवट थर वाढवून स्टायरीनचे स्टायरीन ऑक्साइड करण्याची प्रक्रिया पन्नासहून अधिक दिवस चालवली. बॅच संपली की टाकी उपसा, धुवा, वाफ द्या, पुन्हा सीड (जिवाणूंचे विरजण) टाका, हे ज्यांनी रात्रपाळीत केले आहे त्यांना या दिवसांचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण आहे ती थराच्या जाडीची. तो वाढत गेला की आतल्या जिवाणूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, पापुद्रे सुटतात, नळी तुंबते. प्रयोगशाळेतल्या नळीत हे निभावते, मोठ्या प्लँटमध्ये नाही. म्हणूनच यावर शोधनिबंध भरपूर आणि कारखाने मोजके.

गंमत म्हणजे थर सांभाळायची सवय आपल्याकडे आहे. एमआयडीसींतल्या कित्येक ईटीपींमध्ये (सांडपाणी प्रक्रिया केंद्रांमध्ये) एमबीबीआर पद्धतीच्या टाकीत जिवाणूंचा थर बसण्यासाठी बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची चाके फिरत असतात. त्यांवरचा तपकिरी थर काळा पडून कुजका वास सुटला की हवा कमी पडतेय, हे मुरलेला ऑपरेटर मीटर न बघता सांगतो. ही जाण सांडपाण्यापुरतीच का राहावी?

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या बायोई-3 या जैव-उत्पादन धोरणात जैव-आधारित रसायनांना स्थान आहे. त्यातून स्टीलचे आणखी फर्मेंटर (किण्वनाच्या टाक्या) उभे राहतीलच. त्यासोबत थरावर चालणारा एखादा सामायिक पायलट प्लँट पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेजवळ व्हावा, लहान कारखानदारांना तो भाड्याने मिळावा आणि त्यावर ईटीपीतली माणसेही घ्यावीत.

– एक निवृत्त केमिकल इंजिनिअर, अंबरनाथ