बाळाला महागडा डबा नको, वरण घट्ट हवं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाळ सहा महिन्यांचं झालं की आता ह्याला वरचं काय द्यायचं हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि हल्ली त्याचं उत्तर पहिल्यांदा मेडिकलच्या दुकानात शोधलं जातं. मी अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त झालेय, पण गल्लीतल्या पोरी अजूनही बाळ कडेवर घेऊन विचारायला येतात की काकू बाळखाऊच्या पावडरीचा कुठला डबा आणू, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी नवऱ्याचा पगार हातावर पोट असा असतो तरी अडीचशे-तीनशेचा डबा आठवड्याला संपतो म्हणून किराण्यातून काहीतरी कमी करतात. हे बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

दुसऱ्या टोकाला काय आहे तर वरणाचं पाणी. डबा परवडत नाही मग वरणावरचं पाणी, भाताची पेज, बिस्किट दुधात बुडवून, चहात बुडवून सुद्धा. आणि सासूबाई, आई सगळ्या प्रेमानेच सांगतात की बाळाला जड पडेल, पातळच दे. इथेच सगळं बिघडतं. बाळाचं पोट केवढं असतं, किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका वेळी दोनशे मिलीच्या आसपासच मावतं, मग त्या दोनशे मिलीत पाणीच भरलं तर डाळ, तांदूळ, तेल जाणार कुठे? पोट भरलेलं दिसतं, बाळ झोपतं पण आणि वजनाचा काटा मात्र हलत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या घरात. ह्या काही वरणाच्या पाण्यातून मिळत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं की पातळ नको, घट्ट द्या. चमचा वाकडा केला तरी अन्न पटकन ओघळून जायला नको, इतपत घट्ट. वरणातली डाळ घोटा, भात गुरगुट्या करा, पुरणयंत्रातून काढा नाहीतर वाटीच्या बुडाने कुस्करा, आणि त्यावर अर्धा चमचा तूप नाहीतर शेंगदाण्याचं तेल घाला. तूप परवडत नसेल तर तेल चालतं, त्यात कमीपणा काही नाही, बाळाला त्यातली स्निग्धता हवी असते. मिक्सरमध्ये अगदी गंध करून देऊ नका, म्हणजे सुरुवातीचे आठवडे ठीक आहे पण आठव्या-नवव्या महिन्यापासून थोडं भरड राहू द्या, नाहीतर पुढे पोर चावायलाच तयार होत नाही.

आता खर्चाचं. आपल्याकडे खिमट म्हणून पूर्वापार आहे, कोकणात गोव्यात तर घरोघरी करायचे. दोन वाट्या तांदूळ एक वाटी मुगाची डाळ धुवून, सावलीत वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायचं, थोडं जिरं टाकायचं आणि मिक्सरला रव्यासारखं काढून कोरड्या डब्यात भरायचं. तांदूळ पन्नास रुपये आणि मूगडाळ एकशेवीस धरली तरी किलोभर खिमटाला सत्तर-पंचाहत्तर रुपये पडतात. एका वेळेला दोन मोठे चमचे म्हणजे तीसेक ग्रॅम लागतं, त्याचे सव्वादोन रुपये, वर तेलाचा चमचा, म्हणजे तीन-साडेतीन रुपयांत बाळाचं जेवण झालं. डब्यातल्या पावडरीचं तेवढंच घेतलं तर पंचवीस-तीस रुपये लागतात. हा हिशोब मी पोरींना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवते, तोंडी सांगितलं तर पटत नाही.

आणि ज्यांना शिजवायला वेळच नाही, शेतावर जातात, ऊसतोडीला जातात, कंपनीत पाळीला जातात त्यांच्यासाठी सातूचं पीठ. गहू भिजवून वाळवून भाजायचे, त्यात पंढरपुरी डाळं, दोन्ही दळून आणायचं, तीनाला एक ह्या मापाने. ते आधीच भाजलेलं असतं म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात नुसतं कालवलं तरी खाता येतं, वर अर्धं पिकलं केळं कुस्करलं की गोडीला साखर लागत नाही. झटपट खाऊ म्हणून दुकानात जे विकतात तेच काम हे पीठ करतं, ह्याच्यावर फक्त चित्र नसतं.

नाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तिचं गाळून काढलेलं सत्त्वच बाळाला चांगलं असा एक गैरसमज आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये एवढं दुसऱ्या कशात नाही. पण सत्त्व काढताना आपण ती भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकून देतो, आणि नाचणीचं बरंच कॅल्शियम त्या टरफलातच असतं, म्हणजे कष्ट करून आपण चांगलं तेच टाकतो. त्यापेक्षा मोड आलेली नाचणी कडक वाळवा, भाजा, दळा आणि बारीक चाळणीने चाळून घ्या, बस. मोड आणायचं मात्र सोडू नका. मोड आलेल्या धान्याच्या पिठात असा गुण असतो की ते घट्ट लापशीला पातळ करतं. तांदळाची किंवा गव्हाची लापशी चिकट घट्ट झाली की बाळ गिळत नाही, मग आपण त्यात पाणी ओततो. त्याऐवजी चमचाभर हे मोडाचं पीठ घालून ढवळलं की लापशी सैल होते पण आतलं अन्न तेवढंच राहतं, लापशीला परत एक उकळी मात्र द्यायची. बडोद्याच्या विद्यापीठात ह्यावर बरंच काम झालेलं आहे.

अंड्याबद्दल आपल्याकडे अजून भीती आहे की उष्ण पडतं, वर्षाच्या आत नको. सहा महिने पूर्ण झाले की नीट उकडलेलं अंडं देता येतं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, पहिल्यांदा थोडंसं द्यायचं आणि दोन-तीन दिवस अंगावर पुरळ वगैरे येतंय का बघायचं. सात-आठ रुपयांच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहाराबद्दल नवीन सूचना काढल्या त्यातही अंडी, मासे, मटण ह्यातलं काहीतरी रोज असावं असं म्हटलंय. जे खात नाहीत त्यांनी डाळी आणि घरचं दही वाढवावं, आणि डाळीवर लिंबाचे चार थेंब पिळावेत म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून लापशीत मिसळा, अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, घशात अडकतो.

लोहाचं एवढं का सांगते, तर सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह बाळाला पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची आहे, त्यात आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. आणि देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर बाळांत पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११. म्हणजे उरलेल्या ८९ मध्ये नोकरदारांची, बंगल्यातली घरं पण आलीच की, हा प्रश्न नुसता पैशाचा नाही. आशाताई लोहाच्या औषधाची बाटली देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली द्यायची असते, ती बाटली फडताळात तशीच राहते. शी काळी होते म्हणून बंद करतात. काळी होणारच, घाबरू नका.

मध वर्षाच्या आत अजिबात नको, उष्टावणात चाटवतात तेही नको, त्यातल्या जंतूमुळे लहान बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. मीठ आणि साखर पण वर्षापर्यंत नकोच, बाळाला आपल्यासारखी चव लागत नाही, आपण चाखून बघतो आणि अळणी म्हणून घालतो. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवायचं. आजारपणात जेवण थांबवायचं नाही, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्यायचं, हे फार महत्त्वाचं आहे आणि फार कमी लोक करतात.

डब्यांबद्दल अजून एक. २०२४ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय संस्थेने दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या बाळखाऊत एका वेळेच्या मापात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती आणि युरोपातल्या डब्यांत ती नव्हती. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ ला सुधारणा झाली, दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाऊची जाहिरात करायलाच बंदी आहे. तरी मोबाईलवर रील बघा, गोड बोलणाऱ्या आया डबा हातात धरून सांगत असतात आणि आपल्या पोरी ते खरं मानतात, त्यांचा काय दोष.

सरकारी बाजू पण सांगायला हवी. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं त्यात असायला हवीत हे नियमाने ठरलेलं आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासून अंडं किंवा केळी मिळतात. ही चांगली कामं आहेत. पण पाकीट हातात दिलं आणि सही घेतली एवढ्यावर काम संपतं, ते शिजवायचं कसं हे कोण दाखवतं? चव आवडत नाही म्हणून काही घरी ते शेळीला जातं, मी डोळ्यांनी बघितलंय. सेविकेला शिव्या देऊन उपयोग नाही, तिच्याकडे रजिस्टरं, मोबाईलवरच्या नोंदी, सर्वेक्षणं एवढी आहेत की चूल पेटवायला सवड नाही. महिन्यातून एक दिवस नोंदी बाजूला ठेवून फक्त शिजवून दाखवायचा ठेवा, उष्टावणाचा कार्यक्रम होतोच ना, त्यात हार-फुगे कमी करा आणि पातेलं आणा. आजीला आणि बाळाच्या बापाला पण बोलवा, कारण घरी पातळ दे म्हणणारे तेच असतात.

आणि तुमच्याकडे पण एक मागणं आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये बाळाच्या पाककृती येतात त्यात ॲव्होकाडो, ओट्स, बदामाची पावडर, ब्लूबेरी असं असतं. आमच्या बाजारात ते मिळत नाही आणि मिळालं तरी घेणार कोण. दर आठवड्याला एक चौकट द्या, त्यात त्या हंगामातलं काहीतरी, भोपळा, रताळं, शेवग्याचा पाला, राजगिरा, पपई, आणि पाककृतीच्या खाली एका वाटीला किती रुपये लागले ते छापा. किती महिन्यांच्या बाळाला किती चमचे आणि दिवसातून किती वेळा तेही छापा, सहा महिन्यांना दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, मग अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांपासून तीन-चारदा आणि मध्ये काहीतरी खाऊ. पाककृती लिहायला माणूस मिळत नसेल तर गावोगावच्या निवृत्त सेविका आहेत, आम्ही पैसे न घेता लिहून देऊ, तुम्ही फक्त एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. कराड, जि. सातारा