नकाराचे बटणही समोरच हवे

महोदय,
वेबसाइट उघडली की मजकुराआधी कुकीजच्या (आपल्या वापराची माहिती टिपून ठेवणाऱ्या छोट्या फायलींच्या) परवानगीची पट्टी आडवी येते. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठळक, रंगीत. नकार द्यायचा तर ‘सेटिंग्ज’ उघडा, खाली सरकत जा, आधीच चालू करून ठेवलेले पर्याय एकेक करून बंद करा, मग फिक्या करड्या अक्षरांतले ‘जतन करा’ शोधा. घाईतला माणूस वैतागून ‘स्वीकारा’ दाबतो आणि कंपन्या त्यालाच संमती म्हणतात. ही उघड दिशाभूल आहे.

युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते. स्वीकारण्याइतके नाकारणे सोपे ठेवले नाही, म्हणून फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. त्यानंतर काही महिन्यांतच गूगलने युरोपात ‘सर्व नाकारा’ हे बटण आणले. म्हणजे तांत्रिक अडचण कधी नव्हतीच, इच्छा नव्हती! हे बटण पहिल्याच पडद्यावर, तेवढ्याच ठळकपणे देणे जगभर सक्तीचे करावे. आणि एकदा ‘नाही’ म्हटल्यावर दर भेटीत पुन्हा तेच विचारण्याचा छळही थांबवावा.

– एक वाचक