शनिवारच्या बैठकीची आठवण: बेन्नूवरची माती

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता गंगापूर रोडच्या नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. विषय आहे नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेली १२१.६ ग्रॅम माती. दिसायला नुसती काळी खडी आणि भुकटी. पण सजीवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली १४ तिच्यात सापडली! डीएनए-आरएनएमधली आनुवंशिक माहिती ज्यांत लिहिलेली असते ते पाचही मूळ घटक (न्यूक्लिओबेस) आणि खारं पाणी आटल्यावर उरणारे क्षारसुद्धा. निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, त्यावर मनसोक्त बोलू. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिका शेवटी, वेळ उरल्यास. आभाळ मोकळं असेल तर दुर्बीण लावू. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून आणा. मुलांना जरूर आणा, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.