रविवारच्या वर्गासाठी: काऊची रोजनिशी

सभासदहो, येत्या रविवारी ठाण्याच्या वर्गात तिसरी-चौथीची मुलं काऊची रोजनिशी लिहितील. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, त्या रात्रीची.

लेखनाआधी दहा मिनिटं आखणी हवीच. कोऱ्या कागदाच्या दोन घड्या घालून चार चौकोन करा: कुठे आहे, काय झालं, काय वाटलं, उद्या काय करणार. चौकोनात दोन-तीन शब्दच. इथेच पूर्ण वाक्यं लिहिली की मुलं तीच उतरवून काढतात आणि मजकूर वाढत नाही. मग वीस मिनिटं लेखन, आठ-दहा ओळी.

सर्वांत जास्त घोटाळा ‘मी’चा होतो. सुरुवात ‘मी भिजलो’, तिसऱ्या ओळीत ‘काऊ दाराशी गेला’. गोष्ट कानावर तशीच पडलेली असते ना! चूक खोडू नका. ती ओळ मोठ्याने वाचायला लावा, मूल स्वतःच थांबतं.

दुसरं, काऊ दाराबाहेर उभा आहे. चिऊने बाळाला आंघोळ घातली, हे त्याला दिसत नाही; ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते’ एवढंच ऐकू येतं. म्हणून विचारा, बाहेर उभं राहून काय काय ऐकू आलं?

‘खूप वाईट वाटलं’ असं आलं, तर ‘अंगाला काय झालं?’ विचारा. पंख जड झाले, चोच थडथडली, अशी उत्तरं येऊ द्या.

शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नये. कोरे आणि रेघी कागद, प्रत्येकी एक, कृपया घेऊन या.