बाई, तुम्ही बाहेर थांबा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

26 जुलैला कारगिल विजय दिवसाचे कार्यक्रम झाले, वीरमाता वीरपत्नींचा सत्कार झाला, त्याचे फोटो पेपरात बघितले. बरं वाटलं. त्या माउल्यांनी जे सोसलंय त्याच्यापुढं आमचं काहीच नाही, हे आधीच सांगते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. पण फोटो बघता बघता मनात आलं की जो जवान जिवंत परत आला, पण येताना आजार घेऊन आला, त्याच्या घरात पुढची वीस पंचवीस वर्षं काय चालतं हे कुठं छापून येत नाही. सैनिक टाकळीसारखी गावं असलेला आपला जिल्हा, घरटी फौजी असलेल्या वाड्यावस्त्या आहेत, तेव्हा अशी घरं काय माझं एकटीचंच नाही.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून 2016 ला पेन्शनवर आले. 2004 साली सियाचीनला होते. तीन महिने पोस्टवर. मी तेव्हा 24 वर्षांची, मुलगी मांडीवर, शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की पायाला जरा सूज आलीय, काळजी करू नका. जरा सूज म्हणजे काय होतं ते मला पुढं कळलं. तिथं 18-20 हजार फुटांवर हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवत जातं आणि रक्त घट्ट होतं. त्यात प्यायचं पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ, ते कधीच पोटभर मिळत नाही आणि तहानही लागत नाही. आणि वादळ सुटलं की दिवसच्या दिवस त्या एवढ्याशा जागेत पाय आखडून बसायचं. रक्त घट्ट, पाणी कमी, हालचाल बंद, वर थंडी. डाव्या पायाच्या मोठ्या शिरेत गाठ झाली, तिचा तुकडा फुप्फुसात गेला. हेलिकॉप्टरनं बेस कॅम्प, मग लेह, मग चंडीमंदिर. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. सहा महिने गोळ्या देऊन बंद केल्या, पण 2009 ला परत गाठ झाली आणि तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी कायमची मागं लागली, वॉरफरिन.

लोकांना वाटतं गोळी काय, खाल्ली की झालं. या गोळीचं तसं नाही. कमी पडली तर गाठ होते, जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहतं, म्हणून आयएनआर नावाची रक्ताची तपासणी सारखी करावी लागते आणि यांचा आकडा 2 ते 3 च्या मध्ये ठेवावा लागतो. मी तो आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते, वर्ष संपलं की वहीत उतरवते. अशा चार वह्या झाल्यात. कुठल्या दिवशी आकडा किती, डोस किती, त्या आठवड्यात काय खाल्लं, दुसरी कुठली गोळी सुरू होती, सगळं. मेथी, पालक, शेपू, कोबी यातलं व्हिटॅमिन के त्या गोळीचं काम कमी करतं. भाजी बंद करायची नसते, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच लागते, म्हणजे बाजारात मेथी स्वस्त झाली म्हणून चार पेंड्या आणल्या आणि तीन दिवस मेथीच केली असं आमच्या घरात चालत नाही. डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधनं कुठलीतरी गोळी आणून खाल्ली असंही चालत नाही, काही पेनकिलर आणि अँटिबायोटिकनं आकडा उडतो. दाढी करताना कापलं तर अर्धा अर्धा तास दाबून धरावं लागतं. उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटला की मुलं घाबरायची, आता मोठी झालीत, सवय झाली.

आणि पाय. शिरेतल्या झडपा खराब झाल्या की रक्त वर चढत नाही, पाय संध्याकाळपर्यंत खांबासारखा होतो. घोट्याच्या वरची कातडी काळी पडलीय, तिथं जरा खरचटलं तरी जखम तीन तीन महिने भरत नाही. त्यासाठी प्रेशरचा घट्ट मोजा घालायचा असतो, तो सकाळी पाय जमिनीवर टेकायच्या आधी घालायचा, एकदा उठून बसले की पायात सूज भरते आणि मग मोजा चढत नाही. म्हणून मी साडेपाचला उठते. मोजा उलटा करायचा टाचेपर्यंत, पाऊल घालायचं, टाच नीट टाचेवर बसवायची, मग थोडा थोडा वर घ्यायचा, एक सुरकुती राहिली तरी दिवसभर तिथं कातडीला चर पडतो. नुसत्या हातानं ओढून माझी नखं तुटायची, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून बघितले, त्याला पकड चांगली येते, आता दहा मिनिटांचं काम चार मिनिटांत होतं. (ज्या बायकांना हे करावं लागतंय त्यांनी करून बघाच.) पावसाळ्यात आपल्याकडं कपडे वाळतच नाहीत, मोजा चुलीवर किंवा इस्त्रीनं वाळवला की इलॅस्टिक जातं, म्हणून रात्री फॅनखाली. दोन जोड लागतातच.

एवढं सगळं का लिहिलं, तर मला जी एकच गोष्ट सांगायचीय ती यातच आहे. या माणसाचा आजार त्यांच्यापेक्षा मला जास्त माहिती आहे. आणि प्रत्येक दारावर मला एकच वाक्य ऐकायला मिळतं, बाई तुम्ही बाहेर थांबा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात यांना ताप आला, अंग भयंकर दुखत होतं, रात्रीची वेळ, जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. नर्स इंजेक्शन भरून आली, कमरेत द्यायचं म्हणाली. मी म्हणलं ताई यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, कमरेत मसलमध्ये इंजेक्शन देऊ नका, ही वही बघा. ती म्हणाली बाई तुम्ही बाहेर थांबा, आम्हाला कळतं. मी परत सांगितलं तर डॉक्टरांनी पण हातानंच बाहेर व्हायची खूण केली. मी पडद्याच्या बाहेर उभी, वही छातीशी धरून. इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांडी दगडासारखी घट्ट, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीनिळी, जांभळासारखी. आयएनआर 6 च्या वर गेला होता. दुसरीकडं हलवलं, प्लाझ्मा चढवला, नऊ दिवस ॲडमिट. वाचले. कुणावर केस करायची नाही, नाव पण घ्यायचं नाही, पण पडद्याबाहेरची ती पंधरा मिनिटं माझ्या डोळ्यापुढनं जात नाहीत, मी आणखी जोरात का नाही बोलले असं अजून वाटतं.

आता तुम्ही म्हणाल पेशंटनं स्वतः सांगायचं की. साहेब, फौजी माणूस डॉक्टरपुढं बसला तरी सावधानमध्येच असतो. कसं आहे विचारलं की "ठीक है सर". वीस वर्षं हेच एक उत्तर दिलेलं असतं, सिक रिपोर्ट केला की कामचुकार म्हणतील ही भीती अंगात मुरलेली असते, ती पेन्शनवर आलं म्हणून जात नाही. त्या रात्री 103 ताप होता तरी हे "ठीक है" म्हणाले. आठ दिवस दम लागतोय, रात्री उशाला तीन उशा घेऊन झोपतायत, हे डॉक्टरला कोण सांगणार? मी सांगणार. आणि मला बाहेर उभं केलं तर ते कागदावर येणार नाही, कागदावर नाही आलं तर पुढची तपासणी होणार नाही.

सगळे तसेच असतात असं पण नाही. पॉलिक्लिनिकमधल्या एका डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी खुर्ची दिली, वही मागून घेतली आणि दहा मिनिटं पानं चाळली, म्हणाल्या मावशी हे माझ्या केसपेपरपेक्षा चांगलं आहे. मला त्या दिवशी रडू आलं. 2003 पासून ही ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवापाण्याची योजना आहे म्हणून आमच्यासारखी घरं तगली, नाहीतर हा खर्च कुठला झेपणार. पुण्याला कमांड हॉस्पिटलला दाखवायला जातो तेव्हा एसटीत पाय लोंबकळत ठेवून पाच सहा तास बसणं यांना वर्ज्य, मी कंडक्टरला सांगते, कराडला साताऱ्याला हे उतरून फेऱ्या मारतात, गाडी दोन मिनिटं थांबते, आजपर्यंत कुठल्याच कंडक्टरनं नाही म्हणलं नाही.

गावातल्या लोकांचं वेगळंच. हे चालतात फिरतात, पँटच्या आत मोजा कुणाला दिसतो? मग "एवढा धडधाकट गडी, पेन्शन हाय, कँटीन हाय, काय कमी हाय तुम्हांस्नी" असं ऐकून घ्यावं लागतं. गणपतीत मंडळाची पोरं बोलवायला येतात, तास तास उभं राहणं जमत नाही म्हणून हे जात नाहीत, तर मिलिट्रीवाल्याला माज आलाय म्हणतात. त्यांना वाईट वाटतं, बोलत नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचीनला सोनम पोस्टवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यातला धारवाडकडचा हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत निघाला आणि 11 तारखेला गेला, तेव्हा हे रिटायर व्हायच्या आधीच्या सुट्टीवर घरी होते. टीव्हीपुढनं उठले नाहीत. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. तो गेल्याची बातमी आली तेव्हा टीव्ही बंद केला आणि रात्रभर सोप्यात बसून राहिले, मी पण शेजारी बसले, एक शब्द बोललो नाही. आजही थंडी पडली की असं होतं. हे कुठल्या कागदावर आजार म्हणून नाही.

कागदाचं पण लिहिते कारण आजूबाजूच्या बायका मला विचारतात. यांचं अपंगत्व फौजेच्या मेडिकल बोर्डानं 30 टक्के धरलं, ते नियमानं 50 धरून पेन्शनमध्ये मिळतं. पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांना पण हा फायदा आहे असा सुप्रीम कोर्टाचा 10 डिसेंबर 2014 चा निकाल आहे, बऱ्याच जुन्या फौजींना अजून माहिती नाही. आणि ज्यांच्या कागदावर आजार नोकरीमुळं झाला नाही आणि नोकरीनं वाढला पण नाही असा शेरा आहे त्यांनी लगेच गप्प बसू नये. भरती होताना माणूस फिट होता, आजाराची नोंद नव्हती, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं तर कारण सरकारनं द्यायचं, असं सुप्रीम कोर्टानं 2013 साली धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलंय. 2023 च्या सप्टेंबरात नियम बदललेत, त्यामुळं आत्ता रिटायर होणाऱ्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट विचारून घ्यावं. सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्ता आहे, पण तो 100 टक्के अपंगत्व असेल आणि बोर्डानं लिहिलं असेल तरच. आम्ही त्यात बसत नाही आणि मला तो नको पण आहे. आणि बायकांनो, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम आणि मेडिकल बोर्डाचे कागद कुठं आहेत ते आजच विचारा, स्वतःचं नाव जन्मतारीख त्यात बरोबर आहे का बघा, आधारशी जुळतंय का बघा. माझं नाव एका कागदावर माहेरचंच होतं, दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले.

माझी मागणी पैशाची नाही, शालीची पण नाही. ईसीएचएसचं कार्ड असलेला पेशंट आत गेला आणि तो हो म्हणत असेल तर बायकोला पण आत घ्या, एक खुर्ची द्या, तिनं आणलेली वही दोन मिनिटं बघा. नवरा नको म्हणाला तर गोष्ट वेगळी. खाजगी हॉस्पिटलवाल्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. आणि जिल्हा सैनिक कार्यालयानं महिन्यातनं एक दिवस फक्त आजारी माजी सैनिकांच्या बायकांसाठी ठेवला तर बरं होईल, कुणाला मोजा कसा घालायचा, कुणाला इन्सुलिन कसं द्यायचं, कुणाचा नवरा रात्री ओरडत उठतो त्याला काय करायचं, आम्ही एकमेकींनाच सांगू शकतो, फक्त बसायला जागा पाहिजे.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर मेथीचं काढा, एसटीचं काढा, तुम्हाला काय काढायचं ते काढा, पण इंजेक्शनचं तेवढं छापा. वॉरफरिन चालू असलेला दुसरा कुणीतरी आज रात्री कुठल्यातरी दवाखान्यात जाणार असेल.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. करवीर, जि. कोल्हापूर