पंचनाम्यात माणसाच्या तब्येतीचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खरडून गेलेल्या जमिनींवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. अतिवृष्टीच्या सरकारी पॅकेजमधले हेक्टरी ४७ हजार रोख, रोजगार हमीतून ३ लाख, गाळाने बुजलेल्या विहिरीला ३० हजार, यातलं प्रत्यक्ष हातात किती पडलं हे आपण विचारलंत, त्याबद्दल आभार. पण अख्ख्या लेखात माणसाच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. माती गेली की नुकसान फक्त सातबाऱ्यावर होतं, असं आपल्यालाही वाटत असेल तर आम्ही दाद मागायची कुणाकडे?

मी परंडा तालुक्यातली, निवृत्त आरोग्यसेविका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी माझ्या धाकट्या दिरांच्या रानातून गेलं. गुडघाभर काळी माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला, पुरलेली पाइपलाइन वर लोंबकळत राहिली. विहीर गाळाने कठड्यापर्यंत भरली. पंचनाम्याला आलेल्यांनी मोटर किती एचपीची, पाइप किती फूट, सगळं लिहून घेतलं. या विहिरीचं पाणी पितं कोण, हे एकानेही विचारलं नाही. सगळी वस्ती त्या विहिरीवर होती! गाळ उपसल्यावर पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मागायला गेलो, तर साठा संपलाय आणि खासगी विहिरीला देता येत नाही, अशी दोन्ही उत्तरं एकाच टेबलावर मिळाली. पुढच्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले. जावेची दोन्ही नातवंडं सलाइनवर होती. तो खर्च कोणत्या पॅकेजमध्ये बसतो?

जुलाबाच्या मुलाला ओआरएसबरोबर १४ दिवस झिंकची गोळी द्या, हे मी नोकरीभर आयांना सांगत आले. तेच झिंक, म्हणजे जस्त, आपल्या जमिनीत कमी पडतंय. देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त मातीच्या नमुन्यांत ते कमी आढळतं. माती तपासल्यावर मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर जस्तासमोर ‘कमी’ असा शेरा आमच्याकडे कित्येकांनी पाहिलाय. सेंद्रिय कर्ब आणि पिकाला लागणारं जस्त बहुतेक वरच्या थरात असतं. तो थर वाहून गेला की ज्वारी कमी पिकते आणि दाण्यातही जस्त कमी उतरतं. त्यावर वाढणाऱ्या पोरांची उंची खुंटते, जखमा लवकर भरत नाहीत, जुलाब पुन्हापुन्हा होतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती ४७ हजारांत कुठून आणायची?

ताटात काय बदललं तेही कुणी मोजलेलं नाही. घरची मालदांडी ज्वारी, तूर, बांधावरच्या पाथरी, तांदुळजा या रानभाज्या, सगळं गेलं, कारण बांधच राहिले नाहीत. रेशनचा गहू-तांदूळ आहे म्हणून पोट भरतं, पण वरण पातळ झालंय. कडब्याअभावी म्हैस विकली, पोरांचं दूध बंद झालं. दिवसभर रानातले दगड वेचणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन एकदा तपासा, म्हणजे जमिनीचं नुकसान कुठवर पोचलं ते कळेल.

आणखी एक. नदीचे काठ इतके का ढासळले, याबद्दल आपण गप्प का? सीनेतून रात्रभर वाळूचे ट्रॅक्टर जातात, हे लहान पोरंही सांगतील. त्यावर मी मागे पत्र पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही. हे तरी छापावं.

तलाठी आणि कृषी सहायकांबरोबर पंचनाम्याला आरोग्यसेविकेलाही पाठवा. गाळ काढलेल्या प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून त्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पुढचा पावसाळा येण्याआधी एवढं व्हायलाच हवं, आणि आपल्या वार्ताहराने त्याचा पाठपुरावा करावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. परंडा, जि. धाराशिव