कोचीला जोडीने जायचे तर टॅक्सी कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमधून केरळचे बेत छापून येतात. जोडप्यांसाठीच्या बेतात कोचीचा हिशेब बहुधा ठरलेला असतो: विमानतळावर गाडी उभी, ड्रायव्हर चार दिवस दिमतीला, कोचीत अर्धा दिवस आणि तडक मुन्नार. बडोद्यातली पुष्कळ मंडळी तेच पॅकेज घेऊन मोकळी होतात. फोर्ट कोचीत राहायचे असेल तर भाड्याच्या गाडीचा उपयोग काडीचा नाही, उलट अडचण होते, आणि ती का होते हे कोणीतरी लिहायला हवे म्हणून हे पत्र.

नकाशा पाहिला की उलगडा होतो. रेल्वे स्थानके, मेट्रो, मोठी दुकाने एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात. जुने शहर, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, खाडीपलीकडे. रस्त्याने जायचे तर विलिंग्डन बेट, तोप्पुंपडी असा बारा-तेरा किलोमीटरचा वळसा, आणि ऑफिसच्या वेळेत त्याला तास लागतो. बोटीने तेच अंतर वीस मिनिटांचे. पलीकडच्या गल्ल्या अरुंद, पार्किंगची मारामार. जेटीपासून सेंट फ्रान्सिस चर्चपर्यंत बडोद्यातल्या मांडवी ते सुरसागर चालण्याइतकेच अंतर आहे. तेवढ्यासाठी ड्रायव्हरला दिवसभर झाडाखाली बसवून ठेवायचे?

आता बडोद्याहून जायचे कसे. कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला जाणाऱ्या थेट गाड्या आपल्या स्थानकावर थांबतात: ओखा–एर्नाकुलम, मरुसागर, शिवाय तिरुवनंतपुरम आणि नागरकोविलकडे जाणाऱ्या काही. बहुतेक आठवड्यातून एक-दोनदाच धावतात. प्रवास साधारण तीस तासांचा, गाडीगणिक कमीजास्त. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. आपले स्थानक मधले असल्याने बडोद्याचा कोटा लवकर संपतो आणि वेटिंग लागते, तेव्हाच गाडीच्या मूळ स्थानकापासून जागा शिल्लक दिसतात. अशा वेळी तिकीट मूळ स्थानकापासून काढून चढण्याचे स्थानक बडोदे टाकावे. भाडे थोडे जास्त पडते, पण जागा पक्की होते. दोघांनी साइड लोअर आणि साइड अपर घ्यावे. दिवसा समोरासमोर दोन खिडक्या मिळतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पोहोचण्याच्या वेळेचा. यातल्या काही गाड्या रात्री उशिरा पोहोचतात, आणि साडेआठ-नऊनंतर बोटींवर भिस्त ठेवता येत नाही. मग सामान घेऊन मध्यरात्री टॅक्सी शोधणे आलेच. त्यापेक्षा पहिली रात्र स्थानकाजवळच काढावी आणि सकाळी पलीकडे जावे. गाडी जंक्शनला थांबते की टाउनला, तेही तिकिटावर पाहावे. स्थानिक लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. विमानाने येणाऱ्यांना नेडुंबासेरीच्या विमानतळाहून आलुवा मेट्रो स्थानकापर्यंत फीडर बस मिळते, पुढे मेट्रोने शहरात.

बोटी दोन प्रकारच्या. राज्य जलवाहतूक खात्याची जुनी बोट मेन बोट जेटीहून सुटते. ही जेटी जंक्शनपासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे, बॅगा असतील तर तेवढ्यापुरती रिक्षा करावी. तिकीट अगदी किरकोळ, म्हणून सुट्टे पैसे हवेतच. दुसरी वॉटर मेट्रो: 2023 मध्ये सुरू झाली, 2024 पासून हायकोर्ट टर्मिनलहून फोर्ट कोचीला जाते. बॅटरीवर चालणारी, थंडगार बोट. तिची क्षमता शंभर माणसांची, आणि आत जाणारी माणसे फाटकावरच मोजली जातात. एकही जास्त घेत नाहीत, ते योग्यच. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सूर्यास्त पाहून सगळे एकदम परत निघाले की रांग तासाभराची होते. फोर्ट कोचीतच मुक्काम असेल तर हा प्रश्न उरतच नाही, कारण त्या वेळी गर्दी निघून जाते आणि तुम्ही तिथेच असता.

मुक्कामाला होमस्टे घ्यावा, तोही परेड ग्राउंड आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांच्या आसपास. बुकिंगच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्या: जेटीपासून चालत किती मिनिटे, खोली कितव्या मजल्यावर, मच्छरदाणी आहे का. तिसरा प्रश्न सोडू नये. कोचीचे डास सगळ्या केरळात प्रसिद्ध आहेत. चाकांच्या मोठ्या बॅगा बोटीच्या फळीवर आणि गल्लीतल्या फरशांवर नकोशा होतात, पाठीवरची एकेक पिशवी पुरते.

वार निवडताना मात्र नीट विचार करावा. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद असतो. शेजारचे 1568 चे परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, शुक्रवार-शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना धरूच नये. म्हणजे शुक्रवारी ही दोन्ही मुख्य ठिकाणे हुकतात आणि शनिवारी सिनेगॉग. रविवार ते बुधवार हा मुक्काम उत्तम. पॅलेस पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, 1663 नंतर डचांनी दुरुस्त केला. आत राजाच्या शय्यागृहात भिंतभर रामायण रंगवले आहे, त्याला निवांत तास द्यावा. सिनेगॉगमध्ये पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, चपला बाहेर. फोर्ट कोचीहून इथवर दोन-अडीच किलोमीटर, बाजार रोडने मिरी आणि सुंठीच्या वखारींवरून चालत किंवा भाड्याच्या सायकलने. सकाळी दहाच्या आत निघावे, दुपारी बाराला दमट उकाडा असह्य होतो.

चिनी जाळी बघायला पहाटे जावे. सागवान आणि बांबूचे ते लाकडी सांगाडे दुमजली घराएवढे उंच असतात. मागच्या टोकाला दोरांना ओळीने मोठे धोंडे बांधलेले असतात. पाच-सहा कोळी एकदम दोर ओढतात, धोंडे एकामागून एक खाली येतात आणि पाण्यातले जाळे निथळत वर उठते. मासळी बऱ्याचदा ओंजळभरच निघते. दोर ओढून पाहायला बोलावतात. जावे, पण बक्षिशी आधी ठरवावी. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरले होते, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा आणि दोरीने ओढायचे जुने पंखे आजही आहेत.

संध्याकाळी कथकली. प्रयोग सहा-साडेसहाला, पण तासभर आधी जावे, कारण मेकअप प्रेक्षकांसमोर होतो. तांदळाच्या पिठीची पांढरी कड हनुवटीवर थराथराने चढते आणि शेवटी चुंडप्पू नावाचे बारीक बी पापणीखाली ठेवले की डोळे लालबुंद होतात. हे न पाहता नुसता प्रयोग पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळींनीही करू नये. मट्टनचेरीत गुजराती रोड आहे, जैन मंदिर आहे, फरसाणही मिळते. जवळच चेर्लाईत पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून आलेल्या सारस्वतांची वस्ती आणि तिरुमल देवस्वमचे देऊळ आहे. तिथली कोकणी मराठी कानांना निम्मी तरी कळते.

पोहायचे असेल तर फोर्ट कोचीचा किनारा नको. तिथे बंदराचे मुख आहे, आणि पावसाळ्यानंतर जलपर्णीचे ढीग येऊन पडतात. माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या रो-रो फेरीने पाच मिनिटांत समोरच्या वायपीन बेटावर उतरावे आणि चेराईच्या किनाऱ्याची बस धरावी, तासाभराचा रस्ता आहे. बॅकवॉटरसाठी एर्नाकुलमहून लोकल गाडीने अलप्पुळा, तिथून कोट्टयमला जाणारी सरकारी बोट. अडीच तास पाण्यातून, हाउसबोटीच्या भाड्याच्या मानाने अगदी नगण्य पैशांत.

एक गोष्ट बडोदेकरांनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्याकडे लाभपंचमीपर्यंत बाजार बंद म्हणून सगळे दिवाळीत निघतात. नेमक्या त्याच दिवसांत केरळात परतीचा पाऊस, तुलावर्षम, असतो: सकाळ लख्ख आणि दुपारनंतर विजांसह सरी. पायी आणि बोटीने हिंडणाऱ्याला हा काळ सोयीचा नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, जानेवारी, फेब्रुवारी उत्तम. 31 डिसेंबर टाळावा. पप्पांजीच्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याच्या, दहनाला लाखभर माणसे लोटतात आणि बोटीत पाय ठेवायला जागा नसते.

परतीच्या दिवशी गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास फोर्ट कोचीची जेटी सोडावी. एक बोट चुकली तरी पुढची मिळते आणि स्थानकाबाहेर शांतपणे जेवण होते. केळ्याचे वेफर्स तिथेच, कढईतून निघताना, वजन करून घ्यावेत.

आपले,
दोन वाचक, दांडिया बाजार, बडोदे